उत्तर बरोबर, रीत चूक

आमच्या पिढीच्या शालेय वह्यांत गुरुजींचा एक शेरा हमखास असे : 'उत्तर बरोबर, रीत चूक.' उत्तर जुळले असता गुण का कापावेत, हे त्या वयात उमगत नसे. पुढे गॅलिलिओविषयी वाचताना ध्यानात आले की, हा शेरा त्याच्याही वहीवर पडला असता.

इ. स. १६०४ मध्ये गॅलिलिओ पादुआ विद्यापीठात गणित शिकवीत होता. त्या ऑक्टोबरात त्याने व्हेनिसमधील पाओलो सार्पी या विद्वान स्नेह्यास पत्र लिहिले. पडणाऱ्या वस्तूने कापलेले अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे समान कालखंडांतील अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात असतात, असे त्यात नमूद आहे. हे उत्तर बिनचूक होते. हवेचा विरोध वगळल्यास वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर, दुसऱ्यात १४.७ आणि तिसऱ्यात २४.५ मीटर पडते.

परंतु या उत्तरासाठी त्याने आधारास घेतलेले तत्त्व चुकीचे होते. वेग हा कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे त्याने मानले. वरवर हे पटते. जितक्या उंचावरून दगड पडावा तितका आघात मोठा. पण सोडण्याच्या क्षणी अंतर शून्य, म्हणून वेगही शून्य. वेग नाही म्हणून अंतर नाही, आणि अंतर नाही म्हणून वेग नाही. या रीतीने हातातून सुटलेला दगड अधांतरीच राहावयाचा! वस्तुतः वेग वाढतो तो काळाच्या प्रमाणात. ही योग्य रीत गॅलिलिओस पुढे सापडली.

१६३८ साली लायडेन येथे प्रसिद्ध झालेल्या 'दोन नवी शास्त्रे' या संवादग्रंथात त्याने आपला प्रयोगही वर्णिला आहे. सरळ पडणाऱ्या वस्तूचा काळ मोजणे दुष्कर, म्हणून त्याने उताराचा आश्रय घेतला. सुमारे बारा हात लांबीच्या लाकडात गुळगुळीत खाच पाडून तीतून काशाची गोळी सोडावयाची आणि तेवढ्या वेळात भांड्याच्या बारीक नळीतून गळलेले पाणी तागडीत तोलावयाचे. आपले घटिकापात्र पाणी आत घेऊन काळ दाखवी. येथे गळलेल्या पाण्याचे वजन काळ सांगत होते. उताराचा चौथा हिस्सा कापण्यास निम्मा वेळ लागे. हा पडताळा शंभर वेळा घेतल्याचे तो सांगतो.

याच ग्रंथात साग्रेदो हे पात्र ती जुनी चुकीची कल्पना मांडते. त्यावर साल्व्हियाती उत्तरतो की, आपला ग्रंथकारही काही काळ याच भ्रमात होता आणि त्याने तसे मान्य केले आहे. वास्तविक १६०४ चे ते पत्र खासगी होते. सार्पी १६२३ सालीच निवर्तला होता. चूक उघड करण्याची सक्ती गॅलिलिओवर कोणी केली नव्हती.

सक्ती झाली होती ती निराळ्या बाबतीत. पृथ्वी फिरते, या मतासाठी १६३३ साली रोममध्ये धर्मपीठाने त्याला गुडघे टेकून ते मत त्यागावयास लावले. त्यानंतर आर्चेत्री येथील घरात तो अखेरपर्यंत, म्हणजे १६४२ पर्यंत, नजरकैदेत राहिला. तेथेच त्याची दृष्टीही गेली. जी चूक नव्हती, ती त्याच्याकडून चूक म्हणून वदवून घेण्यात आली. जी खरोखर चूक होती, ती त्याने आपण होऊन सांगितली. गुरुजी रीतीचे गुण का कापीत, याचे उत्तर मला यात मिळाले.