ओकची जुनी बिलियर्ड टेबले

बिलियर्ड व स्नूकर या खेळांसाठी मुख्यतः एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये ओक वृक्षाच्या लाकडात घडवलेली टेबले. पूर्ण मापाचे टेबल सुमारे १२ फूट लांब व ६ फूट रुंद असून त्याला सहसा आठ कातीव पाय असतात आणि दगडासह त्याचे वजन एक टनाहून अधिक भरते. अशा टेबलाची गणना लाकडी सामानात होत असली, तरी चेंडू लाकडावरून नव्हे, तर बनातीखालच्या पाटीच्या दगडावरून धावतात, आणि तो दगड वर्षानुवर्षे पाणसळीत धरून ठेवणे हेच लाकडाचे खरे काम असते.

आरंभीच्या टेबलांचा पृष्ठभाग फळ्यांचा असे व हवामानाप्रमाणे तो पिळवटे. लंडनचे कारागीर जॉन थर्स्टन यांच्या पेढीने १८२६ च्या सुमारास त्याजागी पाटीचा दगड आणला, पुढे कडांना रबरी गाद्या लावल्या, आणि थंडीत रबर कडक होण्याचा दोष १८४० नंतरच्या दशकात गंधक मिसळून तापवलेल्या रबराने दूर झाला. दगड सामान्यतः पाच लाद्यांत बसवतात. लाद्यांच्या कडा इतक्या काटेकोर घासलेल्या असतात की सांध्यात मेण किंवा तत्सम लुकण भरल्यावर बोटाला फट जाणवत नाही. वरची लोकरी बनात ताणून बसवतात व तिची लव एकाच दिशेने राखतात, कारण संथ गतीच्या चेंडूची वाट त्या लवेने किंचित वळते.

ओकचे लाकूड जड, चिवट व टॅनिनयुक्त असते. खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने चिरलेली ओकची फळी रुंदीत कमी आकसते आणि तिच्या अंगावर चमकदार पट्टे उमटतात, म्हणून सांगाड्यासाठी बळकटी व दर्शनी भागासाठी शोभा एकाच चिराईत साधते. दमट हवेत लोखंड लागल्यास टॅनिनमुळे ओकवर निळसर-काळे डाग पडतात, तर अमोनियाच्या वाफेने त्याला मुद्दाम गडद तपकिरी छटा देता येते. सांगाड्याच्या आडव्या तुळया पायांना कुसवाच्या सांध्याने, म्हणजे एका लाकडाचे कमी जाडीचे केलेले टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवून, जोडलेल्या असतात. बाहेरून दिसणाऱ्या कोरीव कामापेक्षा हे झाकलेले सांधेच कारागिराची पात्रता सांगतात.

महाराष्ट्रात ओक उगवत नाही. भारतात त्याच्या जाती प्रामुख्याने हिमालयात आहेत व त्यांतील बांज परिचित आहे. महाराष्ट्रातील हवाही लाकडाची कसोटी पाहते: बुलढाणा जिल्ह्यातील मोताळ्यासारख्या घाटाखालच्या गावी उन्हाळ्याची कोरडी झळ आणि पावसाळ्याची दमट हवा यांच्यात लाकूड सारखे आकसते व फुगते. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव उन्हाळ्यात सैल का होते हे जाणणाऱ्या सुताराला टेबलाची अडचणही सहज उमजेल, कारण दोन्हीकडे आकसणाऱ्या लाकडाची न आकसणाऱ्या वस्तूशी सांगड घालायची असते. म्हणूनच उष्ण प्रदेशांतील टेबलांसाठी तेलकट व स्थिर सागवान विशेष पसंत केले गेले.

या टेबलांवरील खेळाचा भारताशी संबंध जुना आहे. १८७५ मध्ये जबलपूरच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांत, नेव्हिल चेंबरलेन यांच्या पुढाकाराने, स्नूकर आकाराला आला असे मानतात. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड विजेतेपद मिळवले आणि पुढे मुंबईचे मायकेल फरेरा यांनी ते १९७७, १९८१ व १९८३ मध्ये जिंकले.

जुन्या टेबलाची पारख करताना बनात व रबर यांवर विसंबता येत नाही, कारण ती झिजतात व अनेकदा बदललेली असतात. वय शोधावे लागते ते सांगाड्याच्या आतील हत्याराच्या खुणा, दगडाखालच्या पाचरी, बोल्टांची घडण आणि मूळ कारागिराची नामपट्टी यांत.