मोटारगाडीतील यूएसबी चार्जिंग नियंत्रक : फर्मवेअर अद्ययावतीकरण

गाडीतील यूएसबी पोर्टमागच्या चिपमध्ये कायम साठवलेली आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, बदलण्याची क्रिया. सिगारेट-लायटरच्या जुन्या खोबणीत वीज नुसती मिळत असे; टाइप-सी पोर्टमध्ये ती ठरवून घ्यावी लागते. फोन जोडला की सीसी या तारेवरून बोलणी सुरू होतात. पोर्ट आपल्याजवळचे पर्याय सांगतो (5, 9, 15, 20 व्होल्ट), फोन त्यांतला एक मागतो आणि बॅटरीचे 12 व्होल्ट चढवून किंवा उतरवून ती मागणी पुरवली जाते. ही सारी घासाघीस फर्मवेअर करते. चिप तापली तर वॉट कमी करणे, दोन पोर्टांत शक्ती वाटून देणे हेही त्याचेच काम.

अद्ययावतीकरणाची गरज निर्माण होते ती वयाच्या तफावतीतून. गाडी दहा-पंधरा वर्षे चालते, फोन दरवर्षी नवे येतात. या बोलण्यांचे नियम ठरवणाऱ्या यूएसबी पॉवर डिलिव्हरी मानकाचा पहिला मसुदा 2012 चा. 2021 च्या 3.1 आवृत्तीने कमाल मर्यादा 240 वॉटवर नेली. पोर्टची तारा-चिपांची घडण अद्ययावतीकरणाने बदलत नाही, हे खरे. पण ‘नवा फोन लावला की चार्जिंग चालू-बंद होते’ अशा तक्रारींचे मूळ कित्येकदा बोलण्यांतल्या चुकीत असते आणि ती आज्ञावली बदलून सुधारता येते.

कारखान्यात चिपच्या डीबग पिनांवरून फर्मवेअर भरतात. पोर्ट गाडीत बसल्यावर त्या पिना हाती लागत नाहीत. मग आय-टू-सी किंवा लिन बस या संदेशवाहिन्या किंवा खुद्द सीसी तार हे मार्ग उरतात. लिन स्वस्त, पण संथ : वेग सेकंदाला जेमतेम 20 किलोबिट. निदान-संदेशाच्या एका चौकटीत कामाचे 6 बाइट मावतात. चौकटीमागे 10 मिलिसेकंद धरले तर 64 किलोबाइट पाठवायला जवळजवळ दोन मिनिटे लागतात. वाहन-निदानाच्या आयएसओ 14229 मानकाप्रमाणे क्रम ठरलेला असतो : सत्र उघडणे, ओळख पटवणे, जुने पुसणे, नवे पाठवणे, पडताळणे, चिप पुन्हा सुरू करणे.

खरा धोका ‘पुसले’ आणि ‘लिहिले’ यांच्या मधल्या क्षणांत. तेवढ्यात कोणी स्टार्टर मारला की बॅटरीचे व्होल्टेज कोसळते आणि अर्धवट लिहिलेली चिप मुकी होते. म्हणून चिप सुरू करून देणाऱ्या मूळ आज्ञावलीला, बूटलोडरला, हात लावत नाहीत. जिथे जागा असते तिथे फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवतात. नवी पडताळणीत नापास झाली की जुनी चालते. इन्फिनिऑनच्या सीसीजी7डी या दोन-पोर्टी वाहन-नियंत्रकात 128 किलोबाइट फ्लॅश आहे, त्यामुळे ही चैन परवडते.

दुसरा धोका सीसी मार्गाचा : त्याचे दार प्रवाशाच्या हाताशी उघडे. यूएसबी उपकरणाचे फर्मवेअर परस्पर बदलता येते, हे 2014 मध्ये ‘बॅडयूएसबी’ प्रात्यक्षिकाने पेनड्राइव्हवर दाखवून दिले होते. कूटस्वाक्षरी तपासल्याशिवाय सीसीवरून काही स्वीकारणारा नियंत्रक गाडीत बसवणे हा निष्काळजीपणाच.

वाहनांच्या सॉफ्टवेअर-बदलांसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम 156 आहे. युरोपीय संघात जुलै 2024 पासून तो सर्व नव्या गाड्यांना लागू झाला. त्याच विषयावरचे भारतीय मानक म्हणजे एआयएस-190. एआयएस मानके पुण्याच्या एआरएआय या संस्थेमार्फत प्रसिद्ध होतात.

ज्या स्वस्त पोर्टांना फक्त वीजतारा जोडलेल्या असतात आणि सीसी मार्गही बंद ठेवलेला असतो, त्यांचे अद्ययावतीकरण म्हणजे पॅनेल उचकटून अख्खा पोर्ट बदलणे.