हरताळ, थॅलियम आणि क्ष-किरण

‘नियमांना हरताळ फासला’ असे आपण सहज म्हणतो. हस्तलिखित पोथीत चुकलेल्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन ती झाकत असत. त्यावरून हा वाक्प्रचार आला. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. हाच पदार्थ अंगावरचे केस काढण्यासाठीही वापरीत. सुश्रुतसंहितेत शंखाचे चूर्ण व हरताळ यांचा लेप सांगितला आहे. तुर्की हमामखान्यांत कळीचा चुना आणि हरताळ यांचा लेप असे.

हा लेप काम कसा करतो? केस केराटीन या प्रथिनाचा बनलेला असतो. केराटीनच्या साखळ्या गंधकाच्या दोन-दोन अणूंच्या पुलांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. चुना व हरताळ पाण्यात कालवले की सल्फाइडयुक्त अल्कली लेप तयार होतो. तो हे पूल तोडतो आणि मऊ झालेला केस पुसून काढता येतो. आजच्या क्रीममध्ये आर्सेनिक नसते, थायोग्लायकोलेट असते; तत्त्व मात्र तेच. पण त्वचेच्या वरच्या थरातही केराटीनच आहे. म्हणून लेप नेमलेल्या वेळेपेक्षा जास्त राहिला तर कातडीही भाजते.

पायांवरच्या केसांचा प्रश्न अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुढे आला. झगे आखूड झाले, पाय दिसू लागले आणि जाहिरातींनी केसांना ‘दोष’ ठरवले. वस्तरा हाताशी होता. पण वस्तऱ्याने केस दाट व राठ होतात अशी समजूत होती. आपल्याकडेही ती आहे. सेंट लुईस येथील शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी चार पुरुषांच्या दाढीचे केस मोजून-मापून पाहिले. दाढी केल्याने केसांच्या जाडीत किंवा वाढीच्या वेगात फरक पडत नाही, असे त्यांनी १९२८ साली प्रसिद्ध केले. कारण सोपे आहे. त्वचेबाहेरचा केस मृत असतो. तो कापल्याची वर्दी मुळाला पोचत नाही. नैसर्गिक टोक निमुळते असते, कापलेले बोथट. म्हणून हाताला ते राठ लागते एवढेच.

मात्र बाजारात मागणी होती ती ‘कायमच्या आणि वेदनारहित’ उपायाची. १९३० साली कोरेम्लू नावाचे क्रीम आले. त्यात थॅलियम ॲसिटेट होते. थॅलियमने केस गळतात हे डॉक्टरांना ठाऊक होते. पण थॅलियमची संयुगे उंदरांचे विष म्हणूनही वापरली जात. त्वचेतून शोषलेले थॅलियम मज्जातंतूंपर्यंत पोचे. पायांत वेदना, लुळेपणा, डोक्यावरचेही केस जाणे अशा तक्रारी आल्या आणि १९३२ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. तेव्हाचा १९०६ चा अमेरिकन कायदा सौंदर्यप्रसाधनांना लागूच नव्हता; ती कायद्याच्या कक्षेत आली १९३८ साली.

दुसरा उपाय क्ष-किरणांचा. शोध लागल्यावर काही महिन्यांतच, १८९६ साली, व्हँडरबिल्ट विद्यापीठातील जॉन डॅनिएल यांनी एका सहकाऱ्याच्या डोक्यावर तासभर क्ष-किरण सोडले. २१ दिवसांनी तेथले केस गळले. त्याच वर्षी व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका मुलीच्या पाठीवरचे केस असेच काढले. पुढे १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट गायझर यांचे ‘ट्रायको’ यंत्र अनेक शहरांतील सौंदर्यगृहांत पोचले. काही मिनिटे यंत्रापुढे बसायचे. ना वेदना, ना डाग. केस खरोखरच जात.

केसाच्या मुळातील पेशी झपाट्याने विभागतात, म्हणून किरणांचा घाव त्यांच्यावर आधी दिसतो. पण शेजारच्या पेशींच्या गुणसूत्रांनाही इजा होत असते, ती दिसत नाही. काही वर्षांनी या स्त्रियांची त्वचा सुरकुतली, व्रण झाले आणि अनेकींना कर्करोग झाला. १९३० च्या सुमारास कंपनी बंद पडली, तरी रुग्ण पुढे कित्येक वर्षे डॉक्टरांकडे येत राहिले.

म्हणजे ज्या वस्तऱ्याने काही बिघडत नव्हते त्याची भीती वाटली, आणि जे दुखत नव्हते त्यावर विश्वास बसला. दुखणे आणि धोका यांची गल्लत झाली.

वर्गात हा विषय निघाला की मुली संकोचतात, मुले हसतात. तरी तो टाळू नये. वस्तरा, मेण, क्रीम, लेसर यांपैकी कोणताही उपाय घ्या आणि विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावा : हा केसाच्या मृत भागावर काम करतो की जिवंत मुळावर? केसाखेरीज आणखी कशावर करतो? परिणाम दिसायला किती काळ लागतो? लेसरचा प्रकाश केसातील रंगद्रव्य तापवतो, एवढे सांगितले तर सावळ्या त्वचेवर जास्त काळजी का घ्यावी लागते हे विद्यार्थी स्वतःच ओळखतील. आणि पायावर केस असणे हा आजार नाही, तेव्हा ते राहू देणे हाही त्या यादीतला एक पर्याय आहे, हे फळ्यावर लिहायला विसरू नये.