न बोलणाऱ्याचे गहूं



आमच्या पेठेंत माझा एक जुना विद्यार्थी मसाल्यांचा लहानसा धंदा करतो. 2020 सालची टाळेबंदी उठल्यानंतर एके दिवशीं सायंकाळीं तो माझ्याकडे आला. खप निम्म्यावर आला होता, उधारी थकली होती, आणि घरच्या मंडळींचें मत असें पडलें होतें कीं, स्थानिक वृत्तपत्रांत दर आठवड्यास जी चार ओळींची जाहिरात जाते, ती प्रथम बंद करावी. "मास्तर, पोटाला चिमटा घेऊन पाटी रंगवीत बसावें काय?" असें त्यानें मला विचारलें. माझा सारा जन्म मुलांना इतिहास शिकविण्यांत गेला. व्यापाराचें मला ज्ञान नाहीं. म्हणून सरळ उत्तर न देतां मीं त्यास एक जुनी हकीकत सांगितली. तीच आज आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

बोलणाऱ्याचे हुलगेहि खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूंहि पडून राहतात, अशा अर्थाची एक म्हण आपल्याकडे आहे. ती कितपत खरी, याची परीक्षा एकदां अमेरिकेंत फार मोठ्या प्रमाणावर झाली. 1929 च्या ऑक्टोबरच्या 29 व्या तारखेस, मंगळवारीं, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि त्यामागून मंदीचें चक्र सुरू झालें. 1933 सालापर्यंत दर चार कामकऱ्यांमागें एक बेकार झाला. हजारों बँकांनीं आपलीं दारें लावून घेतलीं. ज्या घरांत काल मोटार घेण्याचीं बोलणीं चाललीं होतीं, त्या घरांत आज पावाचा हिशेब होऊं लागला. अशा वेळीं कारखानदाराची कात्री प्रथम कोठें चालावी? यंत्र घेणारा मिळत नाहीं. मजूर काढला तर तो दाराशीं उभा राहतो. परंतु जाहिरात काढली तर ती रडत नाहीं कीं भांडत नाहीं. त्या देशांत जाहिरातींवर 1929 सालीं सुमारें 340 कोटि डॉलर खर्च झाले होते. 1933 सालीं तो आकडा सुमारें 130 कोटींवर उतरला. बहुतेक व्यापाऱ्यांनीं मौन पत्करलें, असाच याचा अर्थ.

आतां मिशिगन संस्थानांतील बॅटल क्रीक या गांवीं जाऊं. तेथें डॉक्टर जॉन हार्वे केलॉग यांचें एक आरोग्यभुवन होतें. रोग्यांना मांसविरहित हलका आहार देण्याबद्दल त्याची ख्याति होती. डॉक्टरांचे धाकटे बंधु विल केलॉग तेथील कारभार पाहत. 1891 सालीं चार्ल्स पोस्ट नांवाचा एक रोगी तेथें उपचारांसाठीं आला. आरोग्यभुवनांतील आहार पाहून त्याच्या मनांत व्यापाराची कल्पना आली. त्यानें त्याच गांवांत कारखाना घातला आणि 1897 सालीं गहूं व जव यांपासून बनविलेलें 'ग्रेप-नट्स' नांवाचें न्याहारीचें अन्न बाजारांत आणिलें. विल केलॉग यांनीं मक्याच्या पोह्यांची स्वतंत्र कंपनी काढली ती त्यानंतर, 1906 सालीं. पुढें पोस्ट 1914 सालीं वारला, आणि 1929 सालीं त्याच्या कंपनीनें 'जनरल फूड्स' हें नवें नांव धारण केलें. मंदीच्या उंबरठ्यावर हे दोन प्रतिस्पर्धी असे समोरासमोर उभे होते.

डब्यांतील तयार न्याहारी ही त्या काळीं जीवनावश्यक वस्तु नव्हती. घरच्या लापशीवर लोकांचें भागत होतें. म्हणून पोस्टच्या चालकांनीं सावधपणाचा मार्ग धरिला. त्यांनीं खर्च आवरला आणि जाहिरात कमी केली. केलॉग यांनीं नेमकें उलट केलें. त्यांनीं जाहिरातीचा खर्च दुप्पट केला आणि नभोवाणीवर विशेष भर दिला. 1928 सालीं त्यांनीं 'राइस क्रिस्पीज' हे फुलविलेल्या तांदुळाचे दाणे विकण्यास आरंभ केला होता. त्यांवर दूध ओतलें म्हणजे बारीक तडतड ऐकूं येते. त्या तडतडीसच त्यांनीं स्नॅप, क्रॅकल आणि पॉप अशीं नांवें दिलीं. आणि 1933 सालीं व्हर्नन ग्रँट या चित्रकाराच्या हातचा टोपीवाला बुटका डब्यावर अवतरला. यांत नवा शोध असा कांहींच नव्हता. परंतु आवाज ही गोष्ट नभोवाणीवरून ऐकवितां येते, आणि मूल ती आपल्या वाडग्याशीं कान नेऊन पडताळून पाहूं शकतें. जाहिरात खरी कीं खोटी, याचा निवाडा पांच वर्षांचें पोर रोज सकाळीं करी. 1933 साल हें मंदीचें सर्वांत खोल वर्ष. त्या वर्षापर्यंत केलॉग कंपनीचा नफा जवळजवळ 30 टक्क्यांनीं वाढला होता. पोस्टचे गहूं मागें पडले.

व्यापारशास्त्राचीं पुस्तकें ही गोष्ट बहुधा येथेंच संपवितात. इतिहासाच्या शिक्षकास ती येथें संपवितां येत नाहीं. 1930 च्या डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून केलॉग यांनीं आपल्या कारखान्यांत आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजीं सहा तासांच्या चार पाळ्या सुरू केल्या. त्यामुळें गांवांतील आणखी सुमारें 300 कुटुंबांच्या पोटाची सोय होईल, असा हिशेब चालकांनीं सांगितला होता. तासाची मजुरी वाढविली, तरी दिवसाचा पगार थोडा घटला, हेंहि सांगितलें पाहिजे. कामकऱ्यांनीं आपला घास शेजाऱ्याशीं वाटून घेतला, असेंच म्हणावयाचें. ही सहा तासांची पाळी कारखान्याच्या कांहीं भागांत 1985 सालापर्यंत टिकली. ज्या कंपनीनें जाहिरातीचा खर्च दुप्पट केला, तिनें त्याच वर्षीं माणसें न काढतां उलट वाढविलीं, ही गोष्ट लक्षांत न घेतां केवळ जाहिरातीचें माहात्म्य गाणें म्हणजे अर्धा धडा वाचून पुस्तक मिटणें होय.

दुसरी हकीकत सिनसिनाटी शहराची. तेथील प्रॉक्टर आणि गँबल ही साबणाची पेढी 1837 सालीं निघालेली. 1930 सालीं रिचर्ड ड्युप्री हे तिचे अध्यक्ष झाले. त्या दोन घराण्यांबाहेरचे ते पहिलेच अध्यक्ष. साबण रोज लागतो हें खरें, परंतु मिळकत आटली कीं गृहिणी साबणहि जपून वापरते. त्यांतून त्यांच्या 'ऑक्सिडॉल' या धुण्याच्या चुऱ्यास लिव्हर कंपनीच्या 'रिन्सो'शीं झुंजावें लागत होतें. ड्युप्री यांच्या पेढीनें जाहिरात थांबविली नाहीं. तिनें जागा शोधली ती गृहिणीच्या दुपारींत. 1930 च्या खानेसुमारींत अमेरिकेंतील दर पांच घरांपैकीं सुमारें दोन घरांत नभोवाणीचा संच आढळला होता, आणि पुढें मंदींतहि ही संख्या वाढतच गेली. नाटकाचें तिकीट दर वेळीं काढावें लागतें. संच एकदां घेतला म्हणजे ऐकण्यास निराळा पैसा पडत नाहीं.

घरकामांत गुंतलेल्या स्त्रियांसाठीं रोज थोडी थोडी पुढें सरकणारी कौटुंबिक कथा नभोवाणीवरून सांगावी, हा प्रयोग शिकागोंत 1930 सालीं इर्ना फिलिप्स या बाईंनीं केला होता. बाई मूळच्या शिक्षिका, हें सांगतांना मला थोडा अभिमान वाटतो. हीच कल्पना घेऊन 1933 च्या ऑगस्टच्या 14 व्या तारखेस सिनसिनाटींतून 'मा पर्किन्स' ही मालिका सुरू झाली आणि डिसेंबरांत ती देशभर ऐकूं येऊं लागली. मा पर्किन्स ही एका लहान गांवांत लांकडाची वखार चालविणारी विधवा. मुलांचा संसार सांभाळणारी आणि गांवकऱ्यांच्या अडीअडचणींत चार शहाणपणाचे शब्द सांगणारी. रोज पाव तास ती बोले, आणि तिच्या बोलण्याच्या आधीं व नंतर ऑक्सिडॉलचें नांव पुनःपुन्हां कानीं पडे. व्हर्जिनिया पेन या तरुण नटीनें ही वृद्धेची भूमिका हातीं घेतली आणि 1960 च्या नोव्हेंबरपर्यंत, 7,065 भाग, एकटीनें पार पाडली. अशा मालिकांना 'सोप ऑपेरा', म्हणजे साबणाचीं संगीतकें, हें थट्टेचें नांव पडलें आणि तेंच पुढें रूढ झालें. आपल्यापैकीं ज्यांनीं रेडिओ सिलोनवरील 'बिनाका गीतमाला' ऐकली आहे, त्यांना ही युक्ति परकी वाटणार नाहीं. 1952 सालीं सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाला नांव होतें एका टूथपेस्टचें, परंतु लोकांना आठवतात तीं गाणीं.

या दोन्ही जाहिरातींत एक समान सूत्र आहे. मागण्यापूर्वीं त्यांनीं कांहीं तरी दिलें. एकीनें मुलाला खेळ दिला, दुसरीनें एकाकी गृहिणीला सोबत दिली. ज्या घरीं पैसा नव्हता, त्या घरींहि या गोष्टी फुकट पोंचल्या.

परंतु त्याच वर्षांत जाहिरातीनें दुसरेंहि एक रूप घेतलें, आणि तें सांगितल्यावांचून ही हकीकत प्रामाणिक होणार नाहीं. नोकरी जाण्याचें भय घरोघर पसरलें होतें. तें भयच कांहीं जाहिरातदारांनीं भांडवल केलें. तोंडास दुर्गंधि येते म्हणून लग्न मोडलें, हें 'लिस्टरिन'च्या जाहिरातींनीं मंदीपूर्वींच शिकविलें होतें. आतां 'लाइफबॉय' साबणाच्या चित्रकथा अमेरिकन तरुणास सांगूं लागल्या कीं, तुझ्या घामाच्या वासापायीं तुझी बढती अडेल आणि मित्र दूर होतील. शेअरबाजार बुडाला होता, कारखाने बंद पडले होते. तरी दोष मात्र बिचाऱ्याच्या अंगाचा! आधींच खचलेल्या माणसास आणखी लाज वाटावयास लावून त्याच्या खिशांतील शेवटचें नाणें काढून घेणें, यास मी चातुर्य म्हणणार नाहीं.

लोकांनाहि याचा वीट आला. 1931 सालीं 'बॅलीहू' नांवाचें मासिक निघालें. जाहिरातींची टवाळी करणें हाच त्याचा मुख्य उद्योग. आणि थोड्याच महिन्यांत त्याचा खप दहा लाखांच्या वर गेला. 1933 सालीं कॅलेट व श्लिंक या दोघांनीं औषधें, खाद्यपदार्थ आणि प्रसाधनें यांच्या खोट्या बढाया उघड्या करणारा ग्रंथ लिहिला. त्याचे वाचकहि अगणित झाले. कायदा मात्र दुबळा होता. लठ्ठपणावरील एका औषधाच्या खटल्यांत 1931 सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांचें नुकसान सिद्ध झाल्यावांचून सरकारी व्यापार-आयोगास अशी जाहिरात थांबवितां येणार नाहीं. गिऱ्हाइकाची फसवणूक तेवढ्यास पुरेशी नव्हती! ही उणीव 1938 सालच्या व्हीलर-ली कायद्यानें भरून काढली, आणि फसव्या जाहिरातींपासून सामान्य ग्राहकाचें रक्षण करण्याचा अधिकार आयोगास मिळाला. मंदीनें जाहिरातीला कल्पकता शिकविली, त्याचप्रमाणें ग्राहकाला शंका घेण्यासहि शिकविलें.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. ज्यांनीं मंदींत जाहिरात केली आणि जे तरले, त्यांच्या कथा लिहिल्या जातात. ज्यांनीं जाहिरात केली आणि तरीहि जे बुडाले, त्यांची बखर कोणी लिहीत नाहीं. केलॉगचे पोहे आणि साबणाचा चुरा ह्या थोड्या पैशांत येणाऱ्या वस्तु होत्या, हेंहि विसरूं नये. तेव्हां बोलणें हा रामबाण उपाय नव्हे. बोलण्यामागें कांहीं कृति असेल, तरच तें फळतें.

याची साक्ष अलीकडच्या काळींहि मिळाली. 2008 च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेंत मोटारींचा खप कोसळला. तेव्हां 2009 च्या जानेवारींत ह्युंदाई कंपनीनें असें जाहीर केलें कीं, गाडी घेतल्यापासून वर्षाच्या आंत नोकरी गेली तर गाडी परत आणावी. लोकांस भीति होती ती गाडीची नव्हे, उद्यांची. लाइफबॉयच्या जाहिरातींनीं भीति वाढविली होती. येथें कंपनीनें तिचा कांहीं भाग आपल्या शिरावर घेतला. त्या वर्षीं एकंदर बाजार खालावला असतांना तिचा वांटा वाढला, आणि परत आलेल्या गाड्या मोजक्याच निघाल्या.

हें सर्व ऐकून माझा विद्यार्थी म्हणाला, "मग मीं काय करावें?" मीं म्हटलें, "जाहिरात बंद करूं नकोस; तींतला मजकूर बदल. 'सर्वोत्तम' आणि 'सुप्रसिद्ध' हे शब्द काढून टाक. या दिवसांत लोकांच्या जें उपयोगी पडेल, तें लिही. आणि लिहिशील तें कर." पुढील आठवड्याच्या अंकांत त्याच चार ओळींच्या जागेंत निराळा मजकूर आला: मसाल्याच्या 50 ग्रॅमच्या पुड्या मिळतील, चव न आवडल्यास उरलेली पुडी परत घेऊन पैसे देऊं.

त्याचें दुकान आज चालू आहे. तें या चार ओळींमुळें चाललें, कीं दिवस पालटल्यामुळें, हें मी सांगूं शकत नाहीं, आणि तसा दावा करणें म्हणजे मीच एक खोटी जाहिरात केल्यासारखें होईल. परंतु त्यानें एक गोष्ट मला सांगितली. त्या वर्षांत परत आलेल्या पुड्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यांतील दोन आणणाऱ्या बाई पुढें त्याच्या कायमच्या गिऱ्हाईक झाल्या. गहूं पदरीं असतील तर बोलावें, मोजक्या शब्दांत बोलावें. आणि हुलगे असतील तर त्यांना हुलगेच म्हणावें. कठीण दिवसांत लोक तेहि घेतात.