शिक्का वाचल्याशिवाय नाव ठेवू नये

आमच्या हिंगोली जिल्ह्यात कुणाच्या वाड्यात जुनं रिव्हॉल्व्हर असल्याचं कळलं, की त्याचं बारसं आधीच झालेलं असतं. ते 'रझाकाराचं' असतं. मग ते कुठे बनलं, केव्हा बनलं, हे कुणी पाहत नाही. आज मला त्या पाहण्याविषयीच बोलायचं आहे. रेडिओवर वस्तू दाखवता येत नाही, म्हणून शब्दांनी दाखवतो. मी कवी माणूस, शस्त्रांचा जाणकार नव्हे. पण हिंगोलीच्या छावणीची माहिती जमवताना पोलीस दलातल्या एका निवृत्त आर्मोररची ओळख झाली आणि लोखंड कसं वाचायचं, ते त्यांनी मला शिकवलं.

रिव्हॉल्व्हर हे काही रझाकारांच्या काळातलं नवल नव्हतं. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. निजामाच्या खर्चानं पोसलेलं आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचं हे दल १९०३ साली ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळून गेलं. १८५८ मध्ये या कंटिन्जंटची पथकं मध्य हिंदुस्थानात सर ह्यू रोजच्या फौजेबरोबर लढली होती. त्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांपुढे दोन घडणी होत्या. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा दर गोळीला अंगठ्यानं मागे ओढावा लागे. १८५६ च्या ब्यूमाँट-ॲडम्समध्ये घोडा ओढूनही गोळी सुटे आणि नुसता चाप दाबूनही सुटे.

आपल्याकडे जुन्या रिव्हॉल्व्हरवर सर्वांत ओळखीचं नाव म्हणजे बर्मिंगहॅमचं वेब्ली. आर्मोररसाहेब सांगत, आधी हत्यार रिकामं आहे ना ते पाहा, मग कारखान्याचं नाव वाचा. १८९७ च्या आधी कंपनीचं नाव 'पी. वेब्ली अँड सन' होतं. त्या साली स्कॉट घराण्याची कंपनी तीत मिसळली आणि १९०६ पासून नाव 'वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड' झालं. म्हणजे नुसत्या नावावरूनही वीस-पंचवीस वर्षांचा घोळ मिटतो.

नंतर अंगलट पाहायची. इंग्रज सरकारनं वेब्लीचं पहिलं मार्क १८८७ मध्ये स्वीकारलं. पहिल्या पाच मार्कांची मूठ पोपटाच्या चोचीसारखी खाली वळलेली असते आणि नळी सहसा चार इंचांची. १९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, सहावं मार्क आलं. त्याची मूठ चौकोनी झाली, नळी सहा इंचांची. पुढे १९३२ मध्ये एन्फिल्डचं हलकं रिव्हॉल्व्हर आलं. १९३८ पासून त्याच्या घोड्याचं मागचं टोकच काढून टाकलं, कारण रणगाड्यातून चढता-उतरताना ते अडकायचं. घोड्याला टोक आहे की नाही, एवढ्यावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो.

तिसरी खूण शिक्क्यांची. बाणाचं टोक कोरलेलं असेल तर ती सरकारी मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर सरकारनं ते रीतसर विकून टाकलेलं. शिवाय इंग्लंडमध्ये प्रत्येक नळीची सरकारमान्य चाचणीगृहात परीक्षा होई आणि तिथे मुकुटाखाली अक्षरं ठोकली जात. बर्मिंगहॅमची ही अक्षरं १९५४ च्या नियमांनी बदलली. पूर्वी 'बीपी', 'बीव्ही', 'एनपी' असे वेगवेगळे शिक्के पडत, त्यांच्या जागी 'बीएनपी' हा एकच शिक्का आला आणि दाब किती टनांचा, तेही कोरलं जाऊ लागलं.

सेनगाव तालुक्यातल्या एका स्नेह्यांच्या घरी परवान्याचं बत्तीस बोअरचं वेब्ली आहे. अडतीसची आणि चारशे पंचावन्नची लष्करी काडतुसं घेणारी रिव्हॉल्व्हरं आपल्या कायद्यानं सामान्य माणसाला मिळत नाहीत. म्हणून घरगुती परवान्यावर बत्तीसच जास्त दिसतं. आजोबांनी हे पळत्या रझाकाराकडून हिसकावलं, अशी त्या घरची कथा. भिंग लावून पाहिलं, तर नळीवर मुकुट आणि त्याखाली 'बीएनपी'. १९४८ च्या सप्टेंबरात हे रिव्हॉल्व्हर जगात आलेलंच नव्हतं.

स्नेही जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भाई, मग आमचे आजोबा खोटं बोलले का?"

मी म्हणालो, "आजोबा सरहद्दीवरच्या कॅम्पात होते, तुरुंगात गेले, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्याला या लोखंडाची साक्ष कशाला हवी?"

त्यांनी परवान्याचं जुनं पुस्तक काढलं. त्यात १९५७ साली दुकानातून विकत घेतल्याची नोंद होती. आजोबांनी गोष्ट सांगितली असेल एका हत्याराची, आणि घरात उरलं दुसरंच.

हे मी एवढ्या तपशिलानं सांगतो, कारण असं बारसं माणसांचंही होतं. माझा जन्म पोलीस ॲक्शननंतर वीसेक वर्षांनी झाला. तरी शाळेत हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा धडा आला, की मागच्या बाकावरून तोच शब्द माझ्या पाठीवर यायचा. रझाकारांनी खून केले, गावं लुटली, घरं जाळली. ते खरं आहे आणि त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. कासिम रझवी मुसलमान होता. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांनी ज्याचा खून केला, तो 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खानही मुसलमानच होता. त्यानं भारतात विलीन होण्याची बाजू मांडली होती. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा अंदाज पंडित सुंदरलाल समितीनं दिला. त्यांत बहुतेक मुसलमान होते. रझाकार कोण आणि नुसता शेजारी कोण, हे पाहायला त्या दिवसांत पुष्कळांना सवड नव्हती. समितीचा अहवालही कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

लोखंड आपलं जन्मसाल सांगतं. चाप कुणी दाबला, हे ते सांगत नाही. त्यासाठी कागद लागतात आणि पाहिलेली माणसं लागतात. ती माणसं आता फार थोडी उरली आहेत.

म्हणून एक विनंती. घर पाडताना, माळा झाडताना असं बिनपरवान्याचं हत्यार सापडलं, तर त्याला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवा. पंचनामा होईल तेव्हा कारखान्याचं नाव, क्रमांक आणि एकेक शिक्का जसाच्या तसा उतरवून घ्यायला सांगा. आणि 'रझाकाराचं' असं लिहायचंच असेल, तर ते कोण म्हणालं आणि केव्हा म्हणालं, हेही शेजारी लिहा.