कागदाचें शुभ्रीकरण व हस्तलिखितांची हानि

जुन्या पोथीचें पान पिवळें पडलें किंवा त्यावर पाण्याचा डाग दिसला कीं तें धुऊन उजळावें, असा मोह पुष्कळ संग्राहकांस होतो. हा मोह नवा नाहीं. शुभ्रीकरणाच्या रासायनिक रीतीबरोबरच तो जन्मास आला, हें तिच्या इतिहासावरून दिसून येईल.

अठराव्या शतकांत युरोपांतील लोक जवसाच्या धाग्याचें कापड क्षारोदकांत उकळून, ताकांत भिजवून, महिनोनमहिने कुरणावर उन्हांत पसरून ठेवीत. १७७४ सालीं स्वीडनमध्यें शेले यानें मँगनीजच्या काळ्या खनिजावर लवणाम्लाची क्रिया करून एक हिरवट पिवळा वायु काढला. त्यानें फुलापानांचे रंग उडतात असें त्यास आढळलें. १७८५ त फ्रेंच रसायनज्ञ बर्थोले यानें तो वायु कापडाकडे योजिला. १७९९ त ग्लासगोच्या टेनंटनें विरलेल्या चुन्यांत तो मुरवून केलेल्या चूर्णाचें पेटंट घेतलें. या वायूस मूलद्रव्य ठरवून ‘क्लोरिन’ हें नांव डेव्हीनें १८१० त दिलें.

ग्रंथप्रेमीही मागें राहिले नाहींत. १७८७ तच शाप्ताल यानें याच द्रव्यानें जुनीं पुस्तकें व छापील चित्रें उजळण्याची रीति प्रसिद्ध केली. पुढें कागदाच्या कारखान्यांतही चिंध्यांचा लगदा त्यानेंच पांढरा होऊं लागला. त्याचें फळ लवकरच दिसलें. १८१६ त छापलेल्या, कधींही न वापरलेल्या बायबलाचा भुगा होत असल्याचें जॉन मरे या रसायनज्ञानें १८२३ त जाहीर केलें, आणि तुरटी व क्लोरिन यांस दोष दिला.

याचें कारण उघड आहे. क्लोरिन पाण्यांत मिसळला असतां हायपोक्लोरस अम्ल बनतें. तें रंगद्रव्याचें ऑक्सिडीकरण करून डाग घालवितें. परंतु डाग कोणता व कागद कोणता हा विवेक त्यास नाहीं. कागदाच्या तंतूंतील सेल्युलोजची सांखळीही तें तोडतें. शिवाय लवणाम्ल मागें राहिल्यास पान धुतल्यानंतरही वर्षानुवर्षें ठिसूळ होत जातें.

आतां आपल्या संग्रहांचा विचार करूं. काजळाच्या शाईंतील कार्बनास विरंजक बाधत नाहीं, एवढ्यावरून निर्धास्त होणें बरें नव्हे. तिच्यांतील डिंक पाण्यानें सुटतो व अक्षर फुटतें. मायफळ व हिराकस यांची शाई तर विरंजकानें फिकी होऊन पुसून जाते. लाखेचा तांबडा रंग उडतो. हरताळ हें सोमल व गंधक यांचें संयुग असल्यामुळें तेंही टिकत नाहीं. म्हणजे लेखकानें कोठें शोधन केलें, ही पाठभेदाच्या दृष्टीनें मोलाची खूणच नष्ट होते.

तात्पर्य, पान कोरड्या मऊ कुंचल्यानें झाडावें, कोरड्या जागीं ठेवावें, आणि डाग तसाच राहूं द्यावा. पोथी कोठें भिजली, कोणत्या बाजूस उघडी राहिली, तिचीं कोणतीं पानें मूळचीं एकत्र होतीं, हें पुष्कळदां त्या डागावरूनच कळतें. शुभ्र झालेलें पान नेत्रांस सुख देईल. साक्ष मात्र देणार नाहीं.