सरकारच्या आधी संघ : अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धातील फुटबॉल

युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावे येतात, तहांच्या तारखा येतात, मृतांचे आकडे येतात. खेळाडूंना मात्र तिथे सहसा जागा नसते. अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास लिहिणाऱ्याला ही सवय मोडावी लागते. १ नोव्हेंबर १९५४ रोजी सुरू झालेल्या या युद्धात अल्जीरियाचे हंगामी सरकार १९ सप्टेंबर १९५८ रोजी कैरोत स्थापन झाले. पण त्याच्या चार-पाच महिने आधीच अल्जीरियाचा फुटबॉल संघ ट्यूनिसच्या मैदानात उतरला होता. नकाशावर देश नव्हता, देशाला सरकार नव्हते. पण अकरा माणसे त्या देशाच्या नावाने खेळत होती. खेळ आणि वतनाशी असलेली वफादारी यांचे नाते काय, हा प्रश्न आपल्यालाही अधूनमधून विचारला जातो. म्हणून ही हकिकत जरा सविस्तर सांगावी असे आम्हाला वाटते.

फ्रान्सने १८३० साली अल्जीरियावर स्वारी केली आणि पुढे हा मुलुख वसाहत नसून फ्रान्सचाच भाग आहे असे जाहीर केले. पण मुलुख फ्रान्सचा झाला तरी माणसे फ्रान्सची झाली नाहीत. १८६५ च्या कायद्याने मुसलमानाला पूर्ण नागरिकत्व हवे असेल तर आपला शरीयतवर आधारित व्यक्तिगत कायदा सोडण्याची अट घातली. मूठभरांनीच ती स्वीकारली. १९४७ च्या कायद्याने अल्जीरियाला जी विधानसभा दिली, तिच्यात सुमारे दहा लाख युरोपियनांना ६० जागा आणि त्यांच्या आठ-नऊ पट मुसलमानांनाही ६० जागा ! म्हणजे तिथे 'मुसलमान' हे केवळ धर्माचे नाव नव्हते. तो सरकारी दफ्तरातला खालचा दर्जा होता.

मैदानातही हेच चित्र होते. युरोपियनांचे क्लब वेगळे, मुसलमानांचे वेगळे. १९२१ साली अल्जीयर्सच्या कसबा भागातल्या तरुणांनी मौलूदिया हा क्लब काढला. त्याचे रंग हिरवा आणि लाल. पुढे गावोगावी 'मुस्लिम' हे नाव लावलेले क्लब निघाले. दोन संघ समोरासमोर आले की सामना फुटबॉलपुरता राहत नसे. मुस्लिम क्लबांनी काही युरोपियन खेळाडू घेतलेच पाहिजेत, असा नियमही राज्यकर्त्यांनी केला. अखेर युद्ध पेटल्यावर १९५६ मध्ये मुस्लिम क्लबांनी फ्रेंच स्पर्धांतून अंग काढून घेतले.

मात्र अल्जीरियाचे उत्तमातले उत्तम खेळाडू तोवर समुद्रापलीकडे फ्रान्सच्या व्यावसायिक क्लबांत नाव कमावत होते. त्यांतला सर्वांत तेजस्वी रशीद मखलूफी. जन्म १९३६, गाव सेतीफ. ८ मे १९४५ रोजी हिटलरच्या पराभवाचा आनंद साजरा करण्यासाठी निघालेल्या मिरवणुकीत याच गावात अल्जीरियाचा झेंडा फडकला. पोलिसांनी गोळी झाडली, दंगल उसळली, युरोपियन मारले गेले आणि नंतर फौजेने व सशस्त्र गोऱ्या नागरिकांनी त्या भागात जे हत्याकांड केले त्याचा हिशेब आजही जुळलेला नाही. फ्रेंच सरकारी आकडा हजारभराचा होता. अल्जीरिया ४५ हजार सांगतो. रशीद तेव्हा आठ वर्षांचा होता. तोच मुलगा पुढे सेंट एतिएन क्लबचा लाडका आघाडीपटू झाला, १९५७ साली त्या क्लबला फ्रान्सचे विजेतेपद मिळवून देणाऱ्यांत होता आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून खेळला.

हे दुहेरी जगणे किती अवघड होते, ते एका दिवसात दिसते. २६ मे १९५७ रोजी पॅरिसजवळच्या कोलोंब मैदानावर फ्रेंच चषकाचा अंतिम सामना झाला. तुलूझने आंजेला ६-३ असे हरवले. तुलूझकडून सईद ब्राहिमी आणि अब्दुल हमीद बुशूक हे दोन अल्जीरियन खेळत होते आणि प्रेक्षक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होते. सामना संपून लोक बाहेर पडत असताना, फ्रान्सची बाजू घेणारे अल्जीरियन पुढारी अली शक्काल यांना मोहम्मद बिन सदूक या अल्जीरियन तरुणाने गोळी घालून ठार केले. मैदानात अल्जीरियनाचा जयजयकार आणि मैदानाच्या दारात अल्जीरियनाच्या हातून अल्जीरियनाचा खून. युद्ध फ्रान्सच्या घरात पोहोचले होते आणि खेळाडूला 'आमचा याच्याशी संबंध नाही' असे म्हणून बाजूला उभे राहता येत नव्हते.

राष्ट्रीय मुक्ती आघाडीने (एफएलएन) याच वेळी एक वेगळी योजना आखली. सूत्रधार होते मोहम्मद बूमझराग, स्वतः जुने खेळाडू. त्यांनी फ्रान्सभर फिरून एकेका खेळाडूशी गुप्तपणे बोलणी केली. एप्रिल १९५८ च्या मध्यास, विश्वचषकाला दोन महिने उरले असताना, खेळाडू एकापाठोपाठ एक नाहीसे झाले. मोनॅकोकडून खेळणारे झीतूनी, बिन तिफूर, बूबकर आणि बखलूफी इटलीच्या वाटेने गेले. मखलूफी, करमाली, अरीबी, ब्राहिमी, बुशूक यांनी स्वित्झर्लंडची वाट धरली. सर्वांचे ठिकाण एकच होते, ट्यूनिस. सगळेच पोहोचले असे नाही. हसन शबरी सरहद्दीवर पकडला गेला आणि तुरुंगात गेला. मोहम्मद मऊशलाही अटक झाली. पुढे हे दोघेही संघात आले.

या माणसांनी काय सोडले, याचा हिशेब मांडायला हवा. मुस्तफा झीतूनी फ्रान्सचा आघाडीचा बचावपटू होता आणि विश्वचषकासाठी त्याची जागा जवळजवळ नक्की होती. बिन तिफूर १९५४ चा विश्वचषक फ्रान्सकडून खेळलेला. मखलूफी वयाच्या एकविसाव्या वर्षी कीर्तीच्या उंबरठ्यावर होता. शिवाय तो फ्रेंच लष्करात सक्तीची सेवा बजावत होता, म्हणजे कायद्याने तो पळपुटा सैनिक ठरला. पगार, घर, नाव, भविष्य सारे मागे टाकून ही मंडळी एका अशा संघाकडे गेली, ज्याला जगातली कोणतीही क्रीडा संघटना ओळखत नव्हती. खुद्दारी हा शब्द आपण भाषणात सहज वापरतो. तिची किंमत या खेळाडूंनी रोख मोजली.

फ्रान्सच्या तक्रारीवरून जागतिक फुटबॉल संघटना फिफाने या संघाला मान्यता नाकारली आणि त्याच्याशी खेळणाऱ्यांना कारवाईची तंबी दिली. फ्रान्स त्यांच्याविना स्वीडनला गेला आणि तिसरा आला. पण त्या विश्वचषकातूनच कोपा, फोंतेन आणि पियांतोनी या फ्रेंच खेळाडूंनी ट्यूनिसमधल्या आपल्या जुन्या सोबत्यांना सह्या करून पोस्टकार्ड पाठवले. सरकारे लढत होती, तरी खेळाडूंमधले माणूसपण पुरते मेले नव्हते, याची ती खूण.

मे १९५८ मध्ये ट्यूनिसला पहिली स्पर्धा झाली. तिला नाव दिले होते जमीला बूहीरद हिचे, जिला फ्रेंच लष्करी न्यायालयाने आदल्या वर्षी फाशीची शिक्षा फर्मावली होती. अल्जीरियाने मोरोक्कोला २-१ असे हरवले. मग चार वर्षे हा संघ फिरत राहिला : उत्तर आफ्रिका, इराक, जॉर्डन, पूर्व युरोप, सोव्हिएत रशिया, चीन, उत्तर व्हिएतनाम. हनोईत खुद्द हो ची मिन्ह यांनी त्यांचे स्वागत केले. १९६१ साली बेलग्रेडला युगोस्लाव्हियाच्या बलाढ्य संघाला त्यांनी ६-१ असे नमवले. एकूण ऐंशी ते नव्वद सामने, त्यांतले बहुसंख्य जिंकलेले. पण निकालाइतकेच महत्त्व सामन्यापूर्वीच्या पाच मिनिटांना होते. झेंडा वर चढे आणि मुफ्दी झकरिया यांनी तुरुंगात लिहिलेले 'कसमन' हे गीत वाजे. जे झेंडे सेतीफमध्ये फडकवल्याबद्दल माणसे मेली, ते आता परक्या राजधान्यांत मानाने फडकत होते. काही यजमान फ्रान्सच्या भीतीने कचरत. संघ मात्र झेंडा आणि गीत यांवर अडून बसे.

इथे एक गंमत सांगितलीच पाहिजे. हंगामी सरकारचे पहिले अध्यक्ष फरहात अब्बास हे सेतीफचेच औषधविक्रेते. १९३६ साली याच गृहस्थांनी एका गाजलेल्या लेखात लिहिले होते की, आपण इतिहासाला विचारले, जिवंतांना विचारले, कबरस्तानेही पालथी घातली, पण अल्जीरिया नावाचे राष्ट्र कुठे सापडले नाही. लेखाचे शीर्षक होते, 'फ्रान्स म्हणजे मीच'. बावीस वर्षांत ते राष्ट्र त्यांना सापडले. या संघाने क्रांती दहा वर्षे पुढे नेली, असे उद्गार त्यांच्याच नावावर सांगितले जातात. कबरस्तानात न सापडलेले राष्ट्र अब्बासांना मैदानात धावताना दिसले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

मात्र इतिहास सांगताना दुसरी बाजू झाकणे बरे नव्हे. खेळाने सारे एक झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच काळात फ्रान्समध्ये एफएलएन आणि मसाली हाज यांचा पक्ष यांच्या भाऊबंदकीत हजारो अल्जीरियन मारले गेले. सगळे व्यावसायिक खेळाडू ट्यूनिसला गेले नाहीत. कित्येक फ्रान्समध्येच राहिले, आणि त्या सर्वांना गद्दार म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येकाची मजबुरी वेगळी असते. स्वातंत्र्यानंतरचेही पाहा. १७ जून १९६५ रोजी ओरानला पेलेचा ब्राझील संघ अल्जीरियाशी खेळला. अध्यक्ष बिन बेल्ला, जे स्वतः एके काळी मार्सेयच्या संघातून खेळले होते, सामन्याला हजर होते. दोनच दिवसांनी लष्कराने त्यांची सत्ता उलथवली. सामना माणसांना एकत्र आणतो, पण त्यांना एकत्र ठेवण्याचे काम न्यायाचे आणि कारभाराचे असते.

मग या संघाने नेमके काय साधले? आमच्या मते, त्याने एका शब्दाचा अर्थ बदलला. उर्दूत 'कौम' हा शब्द जमातीलाही लावतात आणि राष्ट्रालाही. या शब्दावरून १९३८ साली मौलाना हुसेन अहमद मदनी आणि अल्लामा इकबाल यांच्यात वाद झाला होता. आजच्या काळात कौमा वतनाने बनतात, अशी मौलाना मदनींची भूमिका होती. तो वाद चालू होता त्या काळात आपल्या मुंबईतले क्रिकेट मात्र जमातीच्या नावाने चालले होते. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि १९३७ पासून 'इतर', अशी पंचरंगी स्पर्धा दुसऱ्या महायुद्धातही भरत होती. १९४० साली गांधीजींनी तिला विरोध केला. १९४४ च्या अंतिम सामन्यात ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुस्लिम संघाने हिंदू संघाला एका गड्याने हरवले, के. सी. इब्राहिम नाबाद १३७. खेळ उच्च दर्जाचा होता, खेळाडूंची आपसातली दोस्तीही होती. पण त्या खेळाने जी ओळख पक्की केली ती राज्यकर्त्यांच्या खानेसुमारीतली होती. १९४६ साली ती स्पर्धा बंद झाली, ते योग्यच झाले.

अल्जीरियाचे खेळाडू उलट वाटेने चालले. दफ्तरात त्यांची नोंद 'फ्रेंच मुसलमान' अशी होती. छातीवर त्यांनी लावले ते नाव अल्जीरिया. मुसलमान असणे त्यांनी सोडले नाही. पण ती त्यांची कायदेशीर कनिष्ठता असण्याचे मात्र त्यांनी नाकारले. दुसऱ्याने डकवलेली चिठ्ठी फाडून आपले नाव आपण लिहिणे, हेच त्या चार वर्षांचे सार.

५ जुलै १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला आणि संघाचे काम संपले. मखलूफी त्याच वर्षाच्या अखेरीस सेंट एतिएनला परतला. ज्या गावाचे तरुण अल्जीरियाच्या युद्धावर गेले होते, ते गाव या फरारी सैनिकाला कसे घेईल? तो मैदानात आला तेव्हा प्रेक्षकांत शांतता होती. त्याने चेंडू घेतला, एक-दोघांना चकवले आणि टाळ्या सुरू झाल्या. १९६८ च्या फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात सेंट एतिएनचे दोन्ही गोल त्याचेच होते. चषक देताना अध्यक्ष द गॉल त्याला म्हणाले की फ्रान्स म्हणजे तुम्हीच, असे सांगतात. फरहात अब्बासांनी १९३६ साली जे मागितले होते, ते फ्रान्सने द्यायला बत्तीस वर्षे लावली. तोवर अल्जीरियाला त्याची गरज उरली नव्हती.

पुढे १९८२ च्या विश्वचषकात अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवून जगाला चकित केले, तेव्हा प्रशिक्षकांत मखलूफी होता. १९९० साली आफ्रिका चषक जिंकणाऱ्या संघाचा प्रशिक्षक होता सेतीफचाच करमाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मखलूफी वारला, तेव्हा अल्जीयर्स आणि सेंट एतिएन दोन्हीकडे त्याला आदरांजली वाहिली गेली.

आपल्याकडे सामन्याच्या दिवशी कोणी टाळ्या कधी वाजवल्या, यावरून वफादारीची परीक्षा घेण्याची खोड काहींना आहे. आमच्या वर्गातल्या मुलांनाही हा प्रश्न कधी ना कधी भेटणार आहे. त्यांना आम्ही मखलूफीची गोष्ट सांगतो. वतनाशी नाते टाळ्यांनी सिद्ध होत नाही आणि टाळ्या न वाजवल्याने तुटतही नाही. माणूस वतनासाठी काय द्यायला तयार आहे आणि वतन त्याला बरोबरीची जागा द्यायला तयार आहे की नाही, यावर ते उभे असते. फ्रान्सने बरोबरी नाकारली म्हणून त्याचे चांगले खेळाडू निघून गेले. आपल्या संविधानाने ती बरोबरी पहिल्याच दिवशी लिहून दिली आहे. ती लिहिल्याप्रमाणे राखण्याचे काम दोन्ही बाजूंचे आहे.